ओल्या रोगणाची काच

अहो, परवा पाचवी माळ. पिंपळगावला जायचं ठरलंय, कंदील घेऊन, अन् यंदा तुम्ही बरोबर नाहीत. दोन दिवस झाले, हात एकसारखे चाललेत. ती रेणुकेची रंगवलेली काच पेटीतून काढते, उजेडाला धरते, पुसते, परत ठेवते, अन् पाठ फिरवली की वाटतं नीट ठेवली का नाही, म्हणून परत काढते. मघाशी तुमचे धाकटे भाऊ म्हणाले, "वहिनी, बघून बघूनच फुटंल ती." भाऊजींच्या जिभेला हाड नाही. तेव्हापासून तर काच हातात घ्यायचीसुद्धा भीती वाटून राह्यली.

तुमच्याशी बोलायचं तर आता कागदच उरला. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, काचेच्या कडेला देवांची नावं लिहिता यावीत म्हणून. त्यांचा असा उपयोग होईल हे तुमच्याही मनात आलं नसंल.

नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, त्याला आता दोन महिने होत आले. माणसं येतात, ओट्यावर टेकतात अन् म्हणतात, काय माणूस होता, जुन्या जालन्यात त्या दुकानात वीस वर्षं गज धरला पण कापड कधी बोटभर कमी मोजलं नाही. मी मान हलवते. मनात म्हणते, तो दुकानातला माणूस तुम्हीच ठेवा. माझा माणूस निराळा होता. माझा माणूस घोंगड्यांच्या अंधारात घामाघूम उभा राहून देव हलवायचा.

किती वेडं काम होतं हो ते! करीमभाई कलईवाल्यानं घासलेटच्या डब्याचे पत्रे कापून कंदील केला, तुम्ही हैदराबादेहून कुठलं तरी जुनं भिंग आणलंत, अन् चिताऱ्याची लेक म्हणून काचांवर देव रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कंदिलात दिवा, दिव्यापुढं तळहाताएवढी काच, अन् समोर पाणी मारून ओलं केलेलं पांढरं धोतर. काचेवरचा बोटभर देव धोतरावर पुरुषभर उंच व्हायचा. पण तुमचं तेवढ्यानं समाधान कुठलं? देव हलला पाहिजे! मंग एका लाकडी चौकटीत दोन काचा बसवायच्या, एक पक्की, एक सरकती. सरकतीला पितळेची पट्टी. पट्टी ओढली की पाळण्यातला कृष्ण झोका घ्यायचा, मारुतीचं शेपूट लांबत जायचं. बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "अगं बया, देव हलून राह्यला!" तुम्ही अंधारातून कथा सांगत असायचात अन् मी तुमच्या डाव्या हाताला बसून एकेक काच पुसून देत असायची.

अन् हे सगळं भर दुपारी. अंधार पडल्यावर माणसं जमवायची तर तहसीलचा परवाना लागायचा, तो उर्दूतला कागद कधी मिळायचा, कधी नाही. तुम्ही म्हणालात, "सरकारला अंधाराचं भ्या वाटतं तर वाटू दे. आपण दुपारीच अंधार करू." मंग गावातल्या घोंगड्या गोळा करून देवळाच्या मंडपाला चहूबाजूंनी लावायच्या. आत अशी उकड की जीव नकोसा व्हावा, पण एक माणूस उठायचा नाही. सुरुवातीला तुम्ही न चुकता सांगायचात, "हे देव माझ्या मंडळीनं रंगवलेत. चांगले दिसले तर तिचं नाव घ्या." मला लाज वाटायची, बाकीच्या बाया वळून वळून बघायच्या. नको म्हणलं तरी तुम्ही कधी ऐकलं नाही.

काच कंदिलात उलटी घालावी लागते, डोकं खाली, तेव्हा धोतरावर देव सुलटा उभा राहतो. हे मला झोपेतसुद्धा ठाऊक. तरी मंठ्याच्या खेळात माझ्या हातून मारुतीची काच सुलटी गेली, अन् धोतरावर मारुतीचं डोकं खाली, पाय वर! लोकांत गलका उठला. मला वाटलं, आता दगड येतात. तुम्ही जराही न थांबता म्हणालात, "लंका पेटली तशी मारुतीरायानं आनंदानं कोलांटउडी मारली!" अन् मंडप असा हसला म्हणता! परत येताना गाडीत मी रडत होते अन् तुम्ही म्हणत होतात, "पुढच्या खेपेला बी तशीच घाल. लोकायला आवडलं." तुमच्या जिभेनं मला किती वेळा वाचवलं याचा हिशोब नाही.

रेणुकेच्या काचेवरून मात्र आपलं अकरा वर्षं भांडण. दुसऱ्या कुठल्या नवरा-बायकोचं देवीवरून इतकं वाजलं नसंल. नदीवर रेणुकेचं मन क्षणभर ढळलं, जमदग्नी संतापला, लेकांना म्हणाला आईला मारा. चौघांनी मान खाली घातली, परशुरामानं परशू उचलला. मंग बाप प्रसन्न झाला, वर माग म्हणाला, अन् लेकानं आईच परत मागितली. एवढी कथा. तुमचं म्हणणं, पट्टी ओढली की मुंडकं धडापासून बाजूला झालं पाहिजे अन् ढकलली की परत जागेवर बसलं पाहिजे.

"मी न्हाई रंगवणार," मी म्हणायची. "बापाच्या रागापायी लेकानं आईची मान तोडायची, अन् तुम्ही ती मागंपुढं करून दाखवणार? खेळ हाय का?"

"अगं, तुटलेलं दिसलंच न्हाई तर जोडलेलं कुणाला कळंल?"

"मंग मला एक सांगा. उठल्यावर ती नवऱ्याला काय बोलली?"

"पोथीत न्हाई ते."

"पोथीत न्हाई म्हणून बोललीच न्हाई? झोपेतून उठल्यागत उठली अन् चुलीपुढं जाऊन बसली?"

तुम्ही डोकं खाजवायचात. "बरं, विचारून सांगतो," म्हणायचात अन् टोपी घालून दुकानाला पळायचात. अकरा वर्षांत काही विचारून आला नाहीत. आता तिकडं तिची भेट झाली असंल तर तेवढं बघा.

शेवटी आपल्या भांडणात मथुराआजी पडली. पिंपळगावच्या देवळाशेजारी राहणारी, दर नवरात्रात हातात परडी घेऊन जोगवा मागणारी म्हातारी. मान तुटल्याचा भाग तुम्ही नुसता तोंडानं सांगून पुढं जायचात, ते तिला पटायचं नाही. दोन वर्षांमागं तिनं तुम्हाला चांगलंच धरलं. "दादा, आईच्या जिवावर बेतलं तेच कसं गाळता? तिनं सोसलं, अन् तुमच्यानं बघवत बी न्हाई?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी तिच्यापुढं काय बोलणार? करते म्हणलं. पण हात लावला नाही. वर्षभर आज करते, उद्या करते.

गेल्या नवरात्रात, निघायच्या आदल्या दिवशी सकाळी, तुम्ही म्हणालात, "राहू दे, जमत नसंल तर." तुमचं ते समजुतीचं बोलणं मला झोंबलं. भांडला असतात तर बरं झालं असतं. त्या रागात मी कुंचला उचलला अन् एका दिवसात काच पुरी केली. पक्क्या काचेवर धड अन् परशुराम, सरकत्या काचेवर मुंडकं. डोळे मी तिचे उघडे ठेवले. मंग वरून चंद्रसाच्या डिंकाचं रोगण दिलं. दिव्याच्या तापानं रंग उडू नये म्हणून ते द्यावं लागतं, अन् दिलं की सावलीत चार दिवस वाळवावं लागतं. वरून वाळलेलं दिसतं, आत ओलं असतं. माझ्या बापानं हे मला पोरवयात शिकवलेलं. अन् आपली मोटार दुसऱ्या सकाळची.

पेटी बांधताना तुम्ही विचारलंत, "रोगण वाळलं का?"

मी म्हणलं, "वाळलं."

तुमच्याशी बारीकसारीक खोटं मी पुष्कळ बोलले असंल, गूळ संपला असताना आहे म्हणायचं, असलं. पण जाणून बोललेलं हे एकच. वर्षभर हट्ट केला, काम शेवटच्या दिवसावर आणलं, हे तोंडानं कबूल करायचं जिवावर आलं होतं. दुसरं काही कारण नाही.

पिंपळगावला मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर आश्विनातलं ऊन, आत घोंगड्यांची उकड. ती काच तुमच्या हातात मीच दिली. तुम्ही पट्टी ओढलीत अन् मुंडकं धडापासून बाजूला झालं. बाया एकदम ओरडल्या. तुम्ही बापलेकाचं बोलणं सांगितलं, वर मागून झाला, अन् पट्टी ढकललीत. पट्टी हलेना.

परत ढकललीत. हलेना. दिव्याच्या तापानं कच्चं रोगण सुटलं होतं अन् दोन्ही काचा एकमेकींना चिकटल्या होत्या. मला त्याच क्षणाला कळलं. तुम्ही बोलत राह्यलात. कथेत नाही तेसुद्धा बोलत राह्यलात, नदी रडली, गाय हंबरली, झाडांनी पानं टाकली. तोंडानं हे अन् हातानं पट्टीशी झटापट, अन् समोर धोतरावर ते उघड्या डोळ्यांचं मुंडकं तसंच. लढाईमुळं घासलेट कंट्रोलवर मिळायचं, तेही मोजकं. दिवा फडफडला अन् गेला. कुणीतरी घोंगडी ओढली, ऊन आत आलं.

मथुराआजी उठून उभी राह्यली. "आई तशीच राह्यली की," म्हणाली.

तुम्ही हात जोडलेत. "कंदील जास्ती तापला. माझी चूक झाली, बायांनो. पुढच्या नवरात्रात येतो अन् हीच मान जोडून देतो." माझ्याकडं तुम्ही बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, तुम्हाला काही कळलेलं नाही. मी बाहेर जाऊन घोंगड्यांच्या घड्या घालत बसले. आत तुम्ही एकटेच कंदिलातून काच काढत होतात. बाहेर आलात तेव्हा ती तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली होती. मी हात पुढं केला तर म्हणालात, "राहू दे. मी बघतो."

पुढचे दहा महिने माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. तुम्ही पेटीकडं वळलात की वाटायचं, आता फडकं सोडतील, आता विचारतील. दोनदा म्हणलं, नवी काच करून देते, चांगली वाळवून देते. तुम्ही म्हणालात, "हीच न्यायची. शब्द दिलाय." पिंपळगावाहून बातम्या यायच्या. कुणाची गाय दगावली, कुणाच्या विहिरीचं पाणी आटलं, की माणसं म्हणायची, आईची मान तशीच ठेवून गेले ते जालन्याचे. मथुराआजीनं परडी खुंटीला टांगली म्हणे. मान जुळल्याबिगर जोगवा मागणार नाही म्हणाली. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात अन् एवढंच म्हणायचात, "बराबर हाय. माझीच चूक." दर वेळेला माझ्या जिभेवर यायचं, अहो, तुमची नाही. यायचं अन् परत जायचं.

मंग ताप आला तुम्हाला. सातव्या दिवशी दुपारी डोळे उघडलेत अन् म्हणालात, "काच..." मी म्हणलं, बोलू नका, गप पडून राहा. "काच तू बघ," म्हणालात. मला वाटलं, सांभाळ म्हणताय. हो म्हणलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, कपाळावरची ओली पट्टी बदलत होते, तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? पण वाटलं, तापल्या माणसाला कशाला, बरे झाले की सांगू. त्या 'बरे झाले की'चं आता मी काय करायचं ते सांगा.

तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले असतील, बाजाराला आलेल्या पिंपळगावच्या माणसानं आजीचा निरोप आणला. आजी बाजेवर पडून आहे, पण शुद्धीत आहे. "दादा गेले ते कळलं. शब्द काही गेला न्हाई. काच तीच आणा, दुसरी आणली तर ती दुसरी देवी झाली. माझे डोळे मिटायच्या आत आणा."

भाऊजी उसळले. "वहिनी, अजून वर्ष झालं न्हाई. तुम्ही नवरात्रात लोकायपुढं उभ्या राहणार? लोक काय म्हणतील?"

"लोक वर्षभर म्हणूनच राह्यलेत की," मी म्हणलं. "तुमच्या भावाला म्हणून राह्यलेत. ते तुम्हाला ऐकू येत न्हाई का?"

भाऊजी उठून बाहेर गेले.

मंग मी तुमचं फडकं सोडलं. काचा तुम्ही सोडवलेल्याच होत्या. सरकती काच घेतली अन् खिडकीच्या उजेडाला धरली. रेणुकेच्या गळ्यावर, मान तुटते तिथंच, वाळलेल्या रोगणात अंगठ्याचा ठसा. एकेक रेघ मोजावी असा. मधोमध आडवा वण, दुकानात कात्री लागून झालेला. तुमचा अंगठा.

म्हणजे त्या दिवशी मंडपात तापलेली काच ओढून काढताना तुमचा अंगठा रोगणात रुतला होता. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. वाळल्या रोगणात अंगठा रुतत नाही, हे माझ्याजवळ इतकी वर्षं काढून तुम्हाला ठाऊक नसायला काय झालं? दहा महिने तुम्हाला ठाऊक होतं, अन् दहा महिने तुम्ही सगळ्यांपुढं, माझ्यापुढंसुद्धा, कंदील तापला म्हणत होतात. खरं सांगते, आधी रागच आला. असं वागतं का कुणी? एकदा ओरडायचं होतंत माझ्यावर, मीही ओरडले असते, मोकळं झालं असतं. मंग तिथंच खाली बसून रडले. तुम्हाला नेलं तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. कौतुक आलं की माझ्या नावावर अन् चूक निघाली की तुमच्या. असा माणूस मला मिळाला होता, अन् मी त्याच्याशी गुळावरून भांडत होते.

तुमचा एक फोटो नाही घरात. इतके देव रंगवले, तुम्हाला कधी रंगवलं नाही. उरला आहे तो एवढा अंगठा. अन् आता अडचण बघा. काच सरकायला पाहिजे तर मधलं रोगण खरवडायला पाहिजे, अन् सगळ्यात जाड रोगण त्या ठशापाशीच साचलेलं. सुरी हातात घ्यायची अन् परत ठेवायची, असं माझं तीन दिवस चाललं. शेवटी उठून करीमभाईकडं गेले. त्यांनी काच बघितली, ठसा बघितला, चौकटीची खाच बोटानं चाचपली.

"भाबी, रोगणाला बिलकुल हात लावू नका. मी लाकूड घासतो. खाच जरा चौडी केली की काच मोकळी चालंल."

"मंग काच ढिली राहील, करीमभाई."

"राहील थोडी."

"मान तिरकी बसली तर?"

त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले. "तुम्ही हात बसवा, भाबी. बाकी वरच्याच्या हातात."

म्हणून हात बसवून राह्यले. दिवसाकाठी चाळीस वेळा पट्टी ओढते, चाळीस वेळा ढकलते. बहुतेक वेळा मान बराबर बसते. एखाद वेळेला तिरकी बसते, केसभर. पण कंदिलात त्या केसभराचं धोतरावर वीतभर होतं. ती एक वेळ परवाच आली तर? मरायला टेकलेल्या म्हातारीच्या डोळ्यांपुढं आईची मान वाकडी बसली तर ती तेच घेऊन जाणार, अन् तुमचा शब्दही तसाच वाकडा राहणार. ठसा खरवडला तर सगळं सरळ होईल. सुरी इथं माझ्या शेजारीच आहे. सांगा ना, काय करू? बाकी सगळ्याला उत्तर असायचं तुमच्याकडं.

*

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते, परत आल्यावर.

सुरी घरी ठेवून गेले. भोकरदनपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी, पेटी सगळी वाट मांडीवर. दर खड्ड्याला उचलून धरायची. करीमभाई दोन दिवस दुकान बंद ठेवून बरोबर आले, दिवा सांभाळायला. घासलेट इतकं कमी की घरी एकदाही कंदील लावून बघितला नव्हता आम्ही.

मंडप गेल्या साली भरला होता तसाच भरलेला. मथुराआजीला बाजेसकट आणून पुढं ठेवलेलं. उशाशी रिकामी परडी. घोंगड्या लागल्या, दिवा लागला. जन्मभर काचा पुसून दिल्या हो मी, कथा कधी सांगितली होती? पहिली काच धोतरावर आली तरी शब्द फुटेना. अंधारातून आजीच म्हणाली, "सांग बाई. आम्ही हाय इथं." मंग सांगायला लागले. तुमच्यासारखं सजवून नाही आलं. तुमच्याशी भांडायची तसंच सांगितलं.

पट्टी ओढली. मान बाजूला झाली. यंदा कुणी ओरडलं नाही. वर मागून झाला, पट्टी ढकलली. काच सरकली, सरकली अन् बसली. तिरकी.

चाळिसातली एक वेळ ती नेमकी हीच निघाली. "वाकडी हाय की वो," कुणीतरी बोललं अन् कुजबुज सुरू झाली. मी पट्टी परत ढकलायला गेले. करीमभाई हळूच म्हणाले, "भाबी, जल्दी नको. आहिस्ता." मी तापलेल्या पत्र्याच्या फटीतून बोट आत घातलं अन् काचेची कड खालून दाबली. कातडं चर्रकन भाजलं. बोट काढलं नाही. काच केसभर हलली अन् मान जागेवर बसली. बिलकुल बराबर.

अन् तुमचा अंगठा धोतरावर आला. परातीएवढा. मान बाजूला होती तोवर परशुरामाच्या गडद रंगाआड होता तो. रेणुकेच्या गळ्यावर, जुळल्या जागेवर, एकेक रेघ, मधला वण, सगळं. घरी खिडकीत धरून किती वेळा बघितला होता, पण कंदिलात तो असा दिसंल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"खूण बघा," आजी म्हणाली. "जोडल्याची खूण दिसून राह्यली." बाया हात जोडायला लागल्या.

इथं तुम्ही जयजयकार करायचात अन् कथा संपायची. माझ्यानं ते होईना. मी म्हणलं, "उठल्यावर आई काय बोलली ते पोथीत न्हाई. मी माझ्या मालकायला अकरा वर्षं विचारलं, त्यायला बी सांगता आलं न्हाई. पण मला माझं बोलायचं हाय. गेल्या साली कंदील तापला न्हवता. रोगण ओलं होतं. त्यायनं मला विचारलं होतं, अन् मी वाळलं म्हणून खोटं सांगितलं. मान माझ्यामुळं अडकली. त्यायनं ते सोताच्या अंगावर घेतलं."

दिवा तेवढा फुरफुरत होता. भाजलेलं बोट तोंडात धरून मी उभी, आता काय काय ऐकावं लागतंय म्हणून.

"त्यायला ठावं होतं?" आजीनं विचारलं.

"होतं."

"अन् बोलले न्हाईत?"

"न्हाई."

"मंग तू कशाला एवढी कापून राह्यली? ए पोरींनो, उठवा मला."

दोघींनी तिला धरून बसवलं. तिनं परडी मांडीवर घेतली अन् पहिला जोगवा माझ्याकडं मागितला. वर्ष न झालेल्या विधवेकडं, भरल्या मंडपात. माझ्याकडं द्यायला काय होतं? शिदोरीत ज्वारीची अर्धी भाकर होती, ती घातली. तिनं ती परडी कपाळाला लावली. मंग घोंगड्या उतरवल्या, ऊन आत आलं अन् धोतरावरचं सगळं पुसलं गेलं, तुमचा अंगठा पण. मी काचा आवरल्या.

भीती अजून गेलेली नाही. पेटी घरात आणली तरी दहादा उघडून बघते, काच आहे ना, ठसा आहे ना. भाजल्या बोटानं लिहितेय, अक्षर वाकडं आलंय, तुम्ही असतात तर नाक मुरडलं असतंत. काच परत तुमच्या फडक्यात बांधायच्या आधी मी माझा अंगठा तुमच्या ठशावर ठेवला, चांगला दाबून धरला. रुतला नाही. तुम्ही विचारलं होतं ना, पेटी बांधताना? वाळलंय हो. आता खरंच वाळलंय.